मांडी, पट्टा आणि टेनेसीचे डॉक्टर



आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही, असे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. देशातून आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले, नातवंडाला घेऊन गाडी घराबाहेर पडली आणि मागच्या कार सीटमध्ये बाळाने भोकाड पसरले, की तेच वाक्य निराळ्या शब्दांत कानावर येते. 'अगं, किती रडतोय तो! काढ त्याला आणि दे इकडे माझ्याकडे. पाच मिनिटांचा तर रस्ता.' गाडी चालवणाऱ्याची मग मोठी पंचाईत होते. नाही म्हणावे तर आई दुखावते, हो म्हणावे तर कायदा मोडतो. बहुतेक घरांत अशा वेळी 'इकडे पोलीस पकडतात हो' असे सांगून वेळ मारून नेतात.

आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. पोलिसाचे नाव पुढे केले की मोठ्या माणसांची समजूत होते, की हे अमेरिकेचे खूळ आहे आणि इथल्या लोकांना मुलांना जवळ घेण्याची सवयच नाही. खरा प्रकार अगदी उलटा आहे. मांडीवरचा विश्वास इथेही तितकाच पक्का होता. इतका, की मुलांना गाडीत सीटमध्ये बांधण्याचा अमेरिकेतला पहिला कायदा जेव्हा झाला, तेव्हा त्यातच मांडीसाठी सूट लिहून ठेवलेली होती. ती सूट काढायला चार वर्षे लागली. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख, पण त्याआधी थोडे मागे जायला हवे.

पट्ट्याची गोष्ट मोटारीत सुरू होत नाही, विमानात सुरू होते. ह्यू डीहेवन नावाचा तरुण १९१७ साली टेक्सासमध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत असताना विमानांच्या टकरीत सापडला. बाकीचे गेले, हा पोटात जबर दुखापत होऊन वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास करून त्याने १९४२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणूस पडल्यामुळे मरत नाही, तो कसा आणि किती अंतरात थांबतो यावर सगळे अवलंबून असते, असे त्याचे सांगणे होते. अंडे फरशीवर पडले तर फुटते, गादीवर पडले तर फुटत नाही, हे आपल्या आज्यांनाही माहीत होते. डीहेवनने त्याला आकडे दिले.

पुढचे आकडे हवाई दलातील डॉक्टर कर्नल जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या घसरगाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन ते बसत. १० डिसेंबर १९५४ रोजी ती गाडी ताशी ६३२ मैल वेगाला गेली आणि १.४ सेकंदांत थांबली. त्या क्षणी त्यांचे शरीर स्वतःच्या वजनाच्या सेहेचाळीस पटींनी पट्ट्यांवर रेलले. डोळ्यांत रक्त उतरले, पण माणूस जगला. नीट बांधलेले शरीर केवढा धक्का सोसू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. हवाई दलाची माणसे विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरतात, हे स्टॅप यांच्या लक्षात आले होते, आणि १९५५ पासून त्यांनी मोटार अपघातांवर वार्षिक परिषद सुरू केली. त्यांच्या नावाची ती परिषद आजही भरते.

आज आपण खांद्यावरून आणि कमरेवरून लावतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या नील्स बूलिन यांनी तयार केला. हे गृहस्थ आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत. एका हाताने लावता येईल, शरीराच्या नरम भागाऐवजी छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडावर जोर येईल, असा हा साधा पट्टा. कंपनीने तो इतर कारखान्यांना वापरू दिला. पेटंटच्या जगात असे क्वचितच घडते. आम्ही पेटंटवाल्यांमध्ये रोज वावरतो म्हणून विशेष कौतुक वाटते.

अमेरिकन कारखानदारांना मात्र पट्ट्याचे प्रेम नव्हते. फोर्डने १९५६ साली जादा पैसे घेऊन पट्टे देऊ केले होते, पण एकंदर धंद्याचा समज असा की गाडीत पट्टा दिसला की गिऱ्हाइकाला अपघात आठवतो. १९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आले, खळबळ उडाली, आणि ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या केंद्रीय कायद्यावर सही केली. त्याखाली १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ज्या इमिग्रेशन कायद्यामुळे आपली माणसे या देशात मोठ्या संख्येने येऊ शकली, तोही १९६५चा, त्यावरही जॉन्सन यांचीच सही, आणि जुनी देशवार कोटा पद्धत पूर्णपणे संपली ती १ जुलै १९६८ रोजी. म्हणजे आपल्या मंडळातली ज्येष्ठ मंडळी दोन सुटकेसी घेऊन उतरली, तेव्हा अमेरिकन गाडीला पट्टा लागून जेमतेम काही महिने किंवा वर्षे झाली होती. त्यांनी घेतलेल्या सेकंडहँड गाड्यांत बहुधा तो नव्हताच. तेव्हा 'आम्ही नाही का मुलं वाढवली इथे, काही झालं नाही' असे जुन्या पिढीने म्हटले, तर ते त्यांच्या अनुभवापुरते खरेच आहे. ज्यांच्या घरी काही झाले, ते मात्र पॉटलकमध्ये ही गोष्ट सांगत बसत नाहीत.

पट्टे गाडीत आले, पण अंगावर आले नाहीत. लोक त्यांच्यावर बसत. १९७४च्या मॉडेलांत सरकारने युक्ती केली, की पुढच्या माणसांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. शेजारच्या सीटवर किराणा मालाची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसे. जनता इतकी चिडली की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात काँग्रेसने ती युक्ती कायद्याने बंद केली. मोठ्यांना पट्टा सक्तीचा करणारे अमेरिकेतले पहिले राज्य न्यूयॉर्क, आणि तेही १ डिसेंबर १९८४ रोजी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने हे १९७० सालीच केले होते. १९८३ साली अमेरिकेत शंभरातली चौदा माणसे पट्टा लावत. आज नव्वदहून अधिक लावतात. न्यू हॅम्पशायर राज्यात प्रौढांना आजही सक्ती नाही. त्या राज्याच्या नंबरप्लेटवर 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा' अशा अर्थाचे ब्रीद असते, हे वाचून हसावे की काय करावे कळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना मात्र तिथेही बांधावेच लागते.

आता मुलांकडे वळू. मुलांसाठी गाडीत बसवायच्या खुर्च्या १९३०च्या दशकापासून मिळत. पण त्यांचा हेतू मुलाला वाचवण्याचा नव्हता, त्याला एका जागी बसवण्याचा होता. उंच बसले की खिडकीबाहेर दिसते, आणि आईबापांना आरशात मूल दिसते, एवढेच. सीटच्या पाठीला आकड्यांनी अडकवायची, पातळ नळ्यांची ही खुर्ची. काहींना खेळण्यातले स्टिअरिंगही असे. धक्का बसला की मुलाच्या आधी खुर्चीच सुटे.

मुलाला वाचवण्याच्या विचाराने खुर्ची बनली ती १९६०च्या दशकात. १९६२ साली इंग्लंडमध्ये जीन एम्स आणि इकडे कोलोरॅडोत लेनर्ड रिव्हकिन यांनी वेगवेगळे प्रयत्न केले. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर धक्का घेतात हे पाहिले, आणि १९६४च्या सुमारास लहान मुलाला मागे तोंड करून बसवण्याची सीट सुचवली. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते आणि मानेची हाडे अजून कूर्चेची, मऊ असतात. तोंड पुढे असेल तर गाडी थांबताना धड पट्ट्याने अडते आणि ते जड डोके मानेला ओढत पुढे जाते. तोंड मागे असेल तर डोके, मान, पाठ सगळ्यांना खुर्चीची पाठ एकदम झेलते. 'पाय दुमडतात त्याचे, पुढे तोंड करून बसवू का?' असे विचारणाऱ्या आईबापांना आम्ही एवढेच सांगतो, की दुमडलेल्या पायाने मूल खुशाल बसते, आणि मोडलेला पाय जुळतो. मानेचे तसे नाही.

फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीही १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपापल्या सीट बाजारात आणल्या. १९७१ साली केंद्र सरकारने मुलांच्या सीटसाठी नियम केला, पण त्यात सीट गाडीसारखी आदळून पाहण्याची अट नव्हती. म्हणजे दुकानातली सीट सरकारमान्य असूनही अपघातात टिकेल याची खात्री नव्हती. घेणारेही थोडेच. विमा कंपन्या, कारखाने, सरकार, सगळे माहितीपत्रके वाटत होते आणि मुले मांडीवर बसत होती.

अशा वेळी टेनेसी राज्यात, नॅशव्हिलजवळच्या मर्फ्रीझबरो गावी डॉ. रॉबर्ट सँडर्स होते. शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ आणि कामाने रदरफर्ड काउंटीच्या आरोग्य खात्याचे प्रमुख. देवी, पोलिओ, डांग्या खोकला यांच्या लशी देणारे खाते. त्यांना दिसत होते की लशींनी जी मुले वाचतात, ती रस्त्यावर मरतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या अमेरिकन मुलाला त्या काळी सर्वांत मोठा धोका अपघाताचा होता, जंतूंचा नव्हे. लस देणे जर सरकारचे काम असेल तर सीटमध्ये बांधणे का नाही, असा त्यांचा साधा विचार. पती-पत्नी दोघांनी मिळून आमदारांना पत्रे लिहिली, फोन केले, राज्यातल्या इतर बालरोगतज्ज्ञांना आपापल्या भागातल्या आमदारांच्या मागे लावले. १९७६ साली विधेयक पडले. १९७७ साली पुन्हा आणले आणि ते पास झाले. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत मान्यताप्राप्त सीटमध्येच बसवले पाहिजे, असा हा कायदा १ जानेवारी १९७८ रोजी अमलात आला. अमेरिकेतील पन्नास राज्यांत पहिला.

पण पास होता होता त्यात एक दुरुस्ती घुसली. मोठ्या माणसाने मूल हातात धरले असेल तर सीटची गरज नाही! 'कडेवरचे बाळ' अशा अर्थाच्या नावाने ही सूट ओळखली जाई. मूल आईच्या हातात असणे स्वाभाविक आहे, रडणाऱ्या बाळाला जवळ घेणे हा आईचा हक्क आहे, सरकारने त्यात पडू नये, ही त्यामागची भावना. आपल्या आजीचे वाक्य टेनेसीच्या आमदारांनी जणू कायद्यात लिहून ठेवले.

डॉ. सँडर्स या सुटीला 'चाइल्ड क्रशर' म्हणत, म्हणजे मूल चिरडणारी. शब्द कठोर आहे, पण हिशेब केला तर अतिशयोक्ती नाही. तो हिशेब इथे मांडतो. शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडे त्यात काही नाही.

गाडीचा वेग ताशी ३० मैल धरा, म्हणजे आपल्या घराजवळच्या रस्त्याचा. सेकंदाला १३.४ मीटर होतात. तीस फुटांवरून, म्हणजे तीन मजली चाळीच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर येताना याच वेगात असते. समोर झाड किंवा दुसरी गाडी आली तर आपल्या गाडीचे नाक साधारण ६० सेंटीमीटर चेपते आणि ती थांबते. या सगळ्याला एक दशांश सेकंदही लागत नाही. पट्टा लावलेली आई गाडीबरोबर थांबते. तिच्या हातात दहा किलोचे बाळ आहे, ते थांबवायला तिला सरासरी वजनाच्या पंधरा पट जोर लावावा लागेल. म्हणजे दीडशे किलो! ज्वारीचे दीड पोते, पापणी लवायच्या आत, दोन हातांत झेलायचे. मधल्या क्षणी जोर याहूनही वाढतो. ही ताकद पहिलवानालाही नाही. माया कितीही असो, हात सुटतात आणि बाळ तीन मजल्यांच्या वेगाने डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर जाते.

आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, आणि १९७७ साली तो सहसा नसेच, तर चित्र आणखी वाईट. बाळ पुढे आदळते आणि त्याच्या मागून पासष्ट किलोची आई त्याच वेगाने त्याच्यावर येते. आईचा भार त्या क्षणी टनाच्या घरात जातो. चिरडणे म्हणतात ते हे. काही जण मधला मार्ग म्हणून आई आणि बाळ दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावतात. त्यात पट्टा आणि आई यांच्यामध्ये बाळ सापडते, आईचे सगळे वजन त्याच्यामार्फत पट्ट्यावर जाते.

टेनेसीत कायदा झाल्यावर हेच घडत राहिले. सीटमधली मुले वाचली, हातातली गेली. सँडर्स यांनी पुन्हा आमदार गाठले, आणि १९८१ साली ती सूट रद्द झाली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून केंद्र सरकारच्या नियमात बदल होऊन मुलांची प्रत्येक नवी सीट बाहुली बसवून ताशी ३० मैलांच्या धक्क्याला लावून पाहणे सक्तीचे झाले. मग राज्यांची रांग लागली. १९८५ पर्यंत पन्नासही राज्यांत मुलांच्या सीटचे कायदे झाले. (आपले बृहन्महाराष्ट्र मंडळ शिकागोत स्थापन झाले तेही १९८१ सालीच. एकीकडे मुलांची मराठी टिकवण्याची काळजी, दुसरीकडे मूलच टिकवण्याची.) डॉ. सँडर्स २००६ साली वारले. टेनेसीत लोक त्यांना 'डॉक्टर सीट बेल्ट' म्हणत.

यानंतरचा इतिहास सरळ वर चढत गेला असे नाही. १९९०च्या दशकात एअरबॅग आल्या. आमच्या धंद्याशी जवळची गोष्ट म्हणून थोडे रेंगाळतो. सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड नावाचे पांढरे विषारी चूर्ण असे. ठिणगी मिळाली की ते फुटून नायट्रोजन देते. १३० ग्रॅम चुर्णातून, शाळेतल्या हिशेबाने, ६७ लिटर. हे सगळे सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांश भागात. इतक्या घाईने फुगणारी पिशवी उशीसारखी नसते, ठोशासारखी असते. पट्टा लावलेल्या प्रौढाला ती वाचवते. सरकारी अंदाजानुसार २०१७ पर्यंत अशांची संख्या पन्नास हजारांवर गेली. पण पुढच्या सीटवर मागे तोंड करून ठेवलेल्या बाळाच्या सीटवर ती नेमकी डोक्यामागे आदळते. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या, एरवी जिवावर न बेतणाऱ्या अपघातांत एअरबॅगमुळे २९०हून अधिक माणसे दगावली. त्यांत तान्ही आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती, आणि बहुतेक गाड्या १९९८च्या आधीच्या होत्या. सन व्हायझरवरचा तो पिवळा इशारा त्या मुलांमुळे आला आहे. मुलांनी तेरा वर्षांपर्यंत मागेच बसावे, हा सल्लाही तेव्हापासून रूढ झाला. आता अझाइड गेले, गाडी बसणाऱ्याचे वजन ओळखू लागली, तरी मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये, हा नियम कायम आहे.

सीट नीट बसवणे अवघड आहे हेही लोकांच्या उशिरा लक्षात आले. गाडीच्या सीटच्या फटीत जे दोन लोखंडी आकडे आणि मागे वरच्या पट्ट्यासाठी जी कडी असते, ती 'लॅच' पद्धत १ सप्टेंबर २००२ पासून गाड्यांत आणि सीटमध्ये सरसकट आली. तरीही सरकारी पाहणीत निम्म्याच्या जवळपास, ४६ टक्के सीटमध्ये काही ना काही चूक आढळली होती. तेव्हा आपल्याला जमले नाही तर त्यात कमीपणा नाही. डॉक्टरेट असून त्या मॅन्युअलपुढे हात टेकलेले लोक आम्ही मंडळात पाहिले आहेत. प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ बहुतेक भागांत फुकट तपासून देतात. काही ठिकाणी फायर स्टेशनवर, काही ठिकाणी हॉस्पिटलात. घरी पाहायचे तर दोन खुणा पुरतात. सीटला जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवले तर ती इंचभरापेक्षा जास्त सरकू नये, आणि बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येऊ नये. थंडीत फुगलेला कोट काढून मगच बांधावे आणि वरून पांघरूण घालावे. कोटातली हवा धक्क्यात निघून जाते आणि पट्टा ढिला पडतो.

मोठ्या मुलांची आठवण सर्वांत शेवटी झाली. चार वर्षांचे मूल सीटमधून निघाले की थेट मोठ्यांच्या पट्ट्यात जाई. तो पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो, हाडांवर नाही. बूस्टरची सक्ती करणारा पहिला कायदा वॉशिंग्टन राज्याने २००० साली केला, आणि अपघातात गेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या नावाने २००२ साली 'अँटन्स लॉ' हा केंद्रीय कायदा झाला. उंची चार फूट नऊ इंच होईपर्यंत बूस्टर हवे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपली मुले बऱ्याचदा बारीक चणीची. दहाव्या वर्षीही ही उंची न गाठणारी कितीतरी. वर्गातली सगळी मुले बूस्टर सोडून मोकळी झाली म्हणून आपल्याने सोडावे असे नाही. मागे तोंड करून बसवण्याचेही तसेच. दोन वर्षांपर्यंत, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली सांगितले आणि २०१८ साली त्याहून पुढे जाऊन, सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत, असे केले. न्यू जर्सीने २०१५ साली आणि कॅलिफोर्नियाने २०१७ पासून दोन वर्षांची अट कायद्यातच घातली. राज्य बदलले की नियम बदलतो, हे नोकरीसाठी फिरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मंडळाच्या 'घ्या-द्या' टेबलावर आम्ही पाळणे, कपडे, पुस्तके घेतो, कार सीट घेत नाही, यावर काहींची नाराजी आहे. 'चांगली दीडशे डॉलरची सीट, एकदाच वापरलेली' वगैरे. कारण असे. सीटचे कवच प्लॅस्टिकचे असते. उन्हाळ्यात बंद गाडीतली उष्णता आणि काचेतून येणारे ऊन यांनी त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात आणि ते ठिसूळ होत जाते. म्हणून सीटच्या तळाशी तारीख छापलेली असते, सहसा सहा ते दहा वर्षांची. तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक मोडते असे नव्हे, पण किती उरले आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. आणि ती सीट अपघातातून गेली आहे का, हे तिसऱ्या हातात आल्यावर कोणालाच ठाऊक नसते. सख्ख्या बहिणीची सीट घ्यायला हरकत नाही, तारीख आणि इतिहास दोन्ही विचारून.

याच ओघात पट्ट्यांविषयी. ते पॉलिएस्टरचे असतात. तीव्र अल्कली त्यांचे बंध तोडते आणि ब्लीचही त्यांना मानवत नाही, म्हणून वॉशिंग मशीनमध्ये टाकू नयेत, ब्लीच तर मुळीच लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावेत. वरणभाताचा पिवळा डाग तसाच राहू द्यावा. हळद उन्हाने आपोआप फिकी होते.

गणपतीच्या दिवशी हॉलबाहेर उतरणाऱ्या गाड्यांत एक दृश्य दरवर्षी हमखास दिसते. मोदकांचे पातेले मागच्या सीटवर पट्ट्याने नीट बांधलेले, आणि 'जवळच तर यायचं होतं' म्हणून नातू आजोबांच्या मांडीवर. किंवा कार्यक्रम संपल्यावर मैत्रीखातर पाच मुले तीन पट्ट्यांत. पातेले बांधणे अगदी योग्य आहे. मोकळे राहिले तर तेही तीन मजल्यांच्या वेगाने येते.

देशातही आता हा प्रश्न केवळ परदेशी राहिलेला नाही. आम्ही वाढलो त्या मारुतीत मागे पाच-सहा जण आणि पुढे काकांच्या मांडीवर एक, हा नित्याचा हिशेब होता. पुढच्या सीटना पट्टे बसवण्याची सक्ती भारतात १९९४ साली आली, आणि मागचा पट्टा म्हणजे शोभेची वस्तू असाच समज राहिला. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागे बसले होते. गाडीचा चुराडा झाला नव्हता, पुढचे दोघे वाचले, मुंडे गेले. मागचा पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे केंद्रीय मंत्री डॉ. हर्षवर्धन जाहीरपणे म्हणाले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीचेही तेच झाले: पुढचे दोघे जखमी होऊन जगले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत गाडीतल्या सर्व प्रवाशांना पट्टा लावणे पोलिसांनी सक्तीचे केले. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावता नेल्यास हजार रुपये दंड आहे. आई-बाबांना समजावताना पोलिसाचेच नाव घ्यायचे झाले, तर आता मुंबईच्या पोलिसाचे घेता येईल.

उन्हाळ्यात देशात जाणाऱ्यांनी सीट बरोबर न्यावी. बऱ्याच विमान कंपन्या ती नेहमीच्या सामानात मोजत नाहीत. तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. १९९६ मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांतला पट्टा सीट बसवण्यासाठी जागच्या जागी घट्ट अडकवून ठेवता येतो. बऱ्याच गाड्यांत तो पूर्ण बाहेर ओढून सोडला की कटकट आवाज करत अडकतो. भारतातल्या अनेक गाड्यांचे पट्टे तसे अडकत नाहीत, फक्त धक्का बसला तरच थांबतात, त्यामुळे सीट सैल राहते. भाड्याच्या गाडीत मागच्या फटीत आकडे आहेत का, ते आधी चाचपून पाहावे; तिकडे त्यांना 'आयसोफिक्स' म्हणतात. नसतील तर 'लॉकिंग क्लिप' नावाची छोटी धातूची पट्टी लागते. जुन्या सीटबरोबर ती येत असे, सीटच्या मागे किंवा तळाशी खोचलेली. नव्या सीटबरोबर नसेल तर सीटच्या कंपनीला फोन करून मागवावी, आणि कशी लावायची ते निघण्यापूर्वी इथेच, आपल्या ड्राइव्हवेमध्ये, एकदा करून पाहावे.